नेट झालं, जेआरएफ हुकलं: मॉलिक्युलर बायोलॉजीच्या पीएचडीला अर्ज कुठे आणि कसा करायचा?

रंकाळ्याची_पोर:

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबण लागलीय तेवढं चालवून घ्या.

एमएस्सी बायोटेक झालं, कोल्हापूरलाच. सीएसआयआर नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा) दिली लाइफ सायन्सेसमधून, जेआरएफ (पीएचडी करताना दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप) थोडक्यात हुकलं आणि असिस्टंट प्रोफेसरच्या यादीत नाव आलं. आईने गल्लीत पेढे वाटले, तिच्या मते मी आता प्राध्यापक झाले, आणि सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर तासाचे पैसे कसे मिळतात हे सांगायला गेलं की म्हणते तू नेहमी उलटंच बोलतेस. असो.

मला पीएचडी करायचीय आणि मॉलिक्युलर बायोलॉजीतच करायचीय, बॅक्टेरियातलं जीन रेग्युलेशन वगैरे. पण सगळीकडून इतके सल्ले येतायत की डोकं भंजाळलंय. एक सर म्हणतात परत नेट दे, दुसरे म्हणतात विद्यापीठाची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) दे आणि इथेच माझ्याकडे नोंदणी कर, मावसभाऊ म्हणतो अमेरिकेला अर्ज टाक, तिकडे पगार देऊन शिकवतात.

माझं डेझर्टेशन काही भारी नाहीये. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या ढिगाखालच्या मातीतून सेल्युलेज (सेल्युलोज फोडणारं एन्झाइम) बनवणारे बॅक्टेरिया वेगळे केले, सीएमसीच्या (सेल्युलोजपासून केलेला पदार्थ) प्लेटवर काँगो रेड रंग ओतून सेल्युलोज फुटलेल्या जागेचे फिके झोन मोजले, सगळ्यात मोठा झोन देणाऱ्याचं १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात ते जीन) सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं, बॅसिलस निघाला. ग्लुकोज घातलेल्या प्लेटवर झोनच येत नव्हते म्हणून ते रीडिंग सोडून दिलं. संपलं. पेपर नाही, कॉन्फरन्समध्ये एक पोस्टर.

तर प्रश्न असे: जेआरएफ नसताना चांगल्या संस्थांत अर्ज करता येतो का? एवढ्याशा कामावर एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) लिहायचं तरी काय? आणि तिसरं म्हणजे शिफारसपत्र, ज्यांना मागितलं ते सर म्हणाले तूच टाइप करून आण, मी सही करतो. असंच असतं का सगळीकडे?


हबसीगुडा_चौक:

स्वागत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत काढलीत वर्षं, त्यामुळे भारतातलं सांगतो, परदेशाचं बाकीचे सांगतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, पीएचडीची पात्रता वेगळी आणि फेलोशिप वेगळी. तुझ्या नेटवर तू पीएचडीला पात्र आहेस, पण त्या यादीला पैसे लागून येत नाहीत. जेआरएफवाल्याला सरकार दरमहा ३७,००० देतं आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झालं की ४२,०००, वर घरभाडं (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे). म्हणजे जेआरएफवाला पोरगा गाईडला फुकटात पडतो, म्हणून त्याला सगळे दार उघडतात. सीसीएमबीसारख्या ठिकाणी जाहिरातीतच कुठली ना कुठली राष्ट्रीय फेलोशिप मागतात, सीएसआयआर, यूजीसी, डीबीटी, आयसीएमआर किंवा इन्स्पायर. विद्यापीठात पहिली आली असशील तर इन्स्पायरचं आजच बघ, बऱ्याच जणांना आपण त्यात बसतो हे माहीतच नसतं.

आता जेआरएफशिवायचा राजमार्ग म्हणजे जेजीबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. टीआयएफआर घेते, परीक्षा डिसेंबरात असते, फॉर्म पावसाळ्यातच सुटतात. मुंबईचं टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस आणि आणखी काही संस्था तो स्कोअर धरतात आणि टीआयएफआर-एनसीबीएसमध्ये निवड झाली तर पैसे संस्था देते, तुझ्याकडे जेआरएफ आहे की नाही याने अडत नाही. या पेपरला नेटचा अभ्यास चालत नाही हे मात्र लक्षात ठेव. नेटला पाठांतर लागतं, इथे एक आलेख देतात आणि विचारतात यातून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही. जुने पेपर त्यांच्या साइटवर पडलेत, दोन सोडवून बघ, लगेच कळेल तुझा पिंड कुठला आहे ते.

आणि नेट परत देच, सोडू नको. २०० मार्कांतले १०० एकट्या पार्ट सीचे आहेत, ७५ पैकी २५ प्रश्न, प्रत्येकी ४ मार्क. पोरं पार्ट बीमध्ये जीव काढतात आणि सीला पोचेपर्यंत दमलेली असतात. मी उलटं केलं होतं, सी आधी. डीबीटीची बीईटी ही फेलोशिपची परीक्षा पण भर, सिलॅबस बराचसा तोच.


नळस्टॉपवरचा_नारू:

हबसीगुडादादांशी सहमत. मी इंटरव्ह्यूचं सांगतो कारण लोक लेखीच्या मागे लागतात आणि तिथे जाऊन गार पडतात.

मी पुण्यातल्याच एका संस्थेत दिला होता, नाव नको. माझं पण डेझर्टेशन तुझ्यासारखंच, मातीतले बॅक्टेरिया आणि १६एस. पॅनलवर पाच जण. मला वाटलेलं आता क्रिस्पर विचारणार, सिंगल सेल विचारणार, रात्रभर तेच घोकलं होतं. एकाने विचारलं नाही. सगळा वेळ त्या १६एसवरच. अंदाज यावा म्हणून आठवतं तसं देतो:

प्रायमर कुठले? म्हटलं २७एफ आणि १४९२आर. मग हे आकडे कसले? म्हटलं ई. कोलायच्या १६एसवरच्या जागा. बरं, म्हणजे तुकडा साधारण दीड हजार बेसचा, सँगरच्या एका रीडमध्ये जेमतेम ७००-९०० चांगले बेस मिळतात, मग तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचलं का? वाचलं होतं, वाचलो. मग विचारलं ई. कोलायमध्ये या जीनच्या कॉप्या किती? सात. त्या सगळ्या सारख्याच असतात का? नसतील तर क्रोमॅटोग्राममध्ये काय दिसेल? मग एक मॅडम इतका वेळ गप्प होत्या त्या म्हणाल्या, तुमच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये डीएनए घातलाच नव्हता तरी फिकट बँड आला, असं समजू, कुठून आला? मी कंटॅमिनेशन म्हटलं, त्या म्हणाल्या ते सगळेच म्हणतात, कुठून ते सांगा. तिथून सुरू झालं, पाणी, पिपेट, आणि शेवटी टॅक पॉलिमरेजवर (पीसीआरमध्ये डीएनए वाढवणारं एन्झाइम) आलो, की ते एन्झाइमच बॅक्टेरियात बनवतात, त्यात त्या बॅक्टेरियाचा डीएनए चिकटून येऊ शकतो आणि युनिव्हर्सल प्रायमर त्यालाही पकडतात. तेव्हा पहिल्यांदा पॅनल हसलं.

आणि एक सापळा आत्ताच सांगून ठेवतो ताई, रिपोर्टवर ९९ टक्के बॅसिलस सबटिलिस लिहून आलं असेल तरी इंटरव्ह्यूत छातीठोकपणे सबटिलिस म्हणू नको. त्या गटातल्या स्पीशीज १६एसवरून नीट वेगळ्या होत नाहीत, जायर-बी सारखं दुसरं जीन बघावं लागतं. "सबटिलिस गटातला" एवढंच म्हण. पॅनलवर मायक्रोबायोलॉजीचं कोणी असेल तर याच वाक्यावर कान टवकारतो.


लॅब_सोडलेला:

सगळे पुढे कसं जायचं तेच सांगतायत, कोणीतरी ब्रेक मारायला हवा म्हणून लिहितो. पाच ते सहा वर्षं, मग पोस्टडॉक, मग जागा निघत नाहीत, निघाल्या तर कोर्टात अडकतात. फेलोशिप महिनोन् महिने येत नाही, खोलीचं भाडं घरून मागवावं लागतं तिशीच्या तोंडावर. मी सोडून सीआरओत (औषध कंपन्यांना संशोधन करून देणारी कंपनी) गेलो, सातला घरी असतो. पीएचडी वाईट म्हणत नाही, पण "विषय आवडतो" एवढ्यावर करू नये. आधी वर्षभर कुठल्यातरी प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून राहा, रोज पिपेट धरून बघ. तरी आवडलं तर जा.


बॉस्टनची_मावशी:

लॅब_सोडलेला यांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे, बाकी वैतागाबद्दल सहानुभूती.

अगं पोरी, तू तुझ्या कामाबद्दल लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सोडून दिल्यासारखं लिहिलंयस! "ग्लुकोज घातलेल्या प्लेटवर झोनच येत नव्हते म्हणून ते रीडिंग सोडून दिलं." हेच तर मॉलिक्युलर बायोलॉजी आहे. सोपी साखर समोर असताना बॅक्टेरिया सेल्युलोज फोडायचे एन्झाइम कशाला बनवेल, ती जीन्स तो बंद ठेवतो. ई. कोलायमध्ये हे काम सीएएमपी आणि सीआरपीच्या जोडीवर चालतं, ते तू लॅक ओपेरॉनमध्ये शिकलीच असशील, बॅसिलसमध्ये यंत्रणा वेगळी आहे, तिथे सीसीपीए नावाचं प्रोटीन प्रमोटरजवळच्या क्री नावाच्या डीएनएच्या तुकड्यावर बसून जीन दाबतं. तुला जीन रेग्युलेशन आवडतं म्हणतेस आणि तुझ्या स्वतःच्या प्लेटवर ते आलं होतं.

एसओपी इथून सुरू कर. लहानपणी सायन्स एक्झिबिशनमध्ये बक्षीस मिळालं, आजोबांना कॅन्सर झाला म्हणून संशोधक व्हायचं ठरवलं, असली सुरुवात नको, आम्ही कमिटीवर वाचताना ते परिच्छेद डोळ्यांनी उड्या मारत ओलांडतो, खरंच सांगते. काय बघितलं, त्याचा अर्थ काय लावला, तो अर्थ चुकीचा असण्याची शक्यता कुठे आहे, आणि पुढे काय केलं असतं. बस. आणि ते "चुकीचा असण्याची शक्यता" फार महत्त्वाचं, कारण तुझ्या प्लेटवर झोन न येण्याची आणखी निदान दोन कारणं असू शकतात. ग्लुकोज खाऊन बॅक्टेरियाने आम्ल केलं आणि पीएच उतरला म्हणून एन्झाइम चाललं नाही. किंवा एन्झाइम भरपूर बनलं पण ग्लुकोजनेच त्याचं काम अडवलं. हे वेगळं कसं करशील त्याचा विचार करून ठेव.

आता अमेरिकेचं गणित. इथे बहुतेक ठिकाणी अंब्रेला प्रोग्रॅम असतो, आधी प्रोग्रॅममध्ये प्रवेश, मग पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन आणि मग गाईड ठरतो. त्यामुळे अर्जाआधी गाईडला मेल करणं बंधनकारक नाही. फी माफ आणि स्टायपेंड मिळतो हे खरं, मावसभाऊ बरोबर बोलला. डेडलाइन बहुतेक १ ते १५ डिसेंबरच्या आत. बायोलॉजीच्या बऱ्याच प्रोग्रॅमनी जीआरई काढून टाकलीय, टोफेल किंवा आयईएलटीएस मात्र लागतं. अर्जाची फी ७५ ते १०० डॉलरच्या घरात, म्हणजे आठ-दहा ठिकाणी टाकलं तर घरचं बजेट कोलमडतं, म्हणून फी वेव्हर मागायचा, लाजायचं नाही, कित्येक ठिकाणी नुसता फॉर्म भरून मिळतो. पण हेही स्पष्ट सांगते, २०२५ पासून एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था) पैशांचा गोंधळ झाल्यावर अनेक प्रोग्रॅमनी जागा कमी केल्या, काहींनी तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. तेव्हा फक्त अमेरिकेवर विसंबून राहू नको.

शिफारसपत्राचं. तूच लिहून आण म्हणणारे सर आपल्याकडे ढिगाने आहेत, तो काही तुझा दोष नाही, पण तसं करू नको. पत्र इथे विद्यार्थ्याच्या हातातून येतच नाही, पोर्टल सरांना लिंक पाठवतं आणि ते स्वतः अपलोड करतात. तीन पत्रं लागतात आणि तीनही एकाच हाताची वाटली की कमिटीला लगेच वास येतो. सरांना पत्र नको देऊ, एक पान टिपण दे: मी तुमच्याकडे काय केलं, कुठला प्रयोग बसत नव्हता आणि तो कसा बसवला, सेमिनार कशावर दिला. मग ते त्यांच्या भाषेत लिहितील. आणि शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पाठवायला सांग, जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी अडकतं.


हायडलबर्गकर:

मावशींच्या प्रतिसादात थोडी भर. युरोपात एमएस्सी झालेली असणं बहुतेक ठिकाणी लागतंच, ती तुझी आहे, म्हणजे तू तयार आहेस. जर्मनीत माक्स प्लांक संस्थांच्या आयएमपीआरएस नावाच्या पीएचडीच्या शाळा आहेत, इथे हायडलबर्गला ईएमबीएल या युरोपीय प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम आहे, व्हिएन्ना बायोसेंटर पण बघ. रोटेशन वगैरे भानगड बहुतेकदा नाही, थेट लॅबमध्ये कामाला. पीएचडीवाला इथे नोकरदार धरतात, सहसा टीव्ही-एल ई१३ या सरकारी पगारश्रेणीच्या ६५ टक्के वगैरे करार असतो, कामं मात्र शंभर टक्के, हा हा. सुटी घेतली नाही तर एचआर विचारतं का घेतली नाही, हे पचवायलाच मला वेळ लागला.


मास्तर_जळगावकर:

विद्यापीठाच्या वाटेला इथे सगळ्यांनी बगल दिली म्हणून लिहितो. मी नोकरी सांभाळून विद्यापीठातूनच पीएचडी केली आणि आता गाईड आहे. बेटा, ती वाट कमी प्रतीची नाही, पण डोळे उघडे ठेवून चालायची आहे.

जे सर म्हणतायत माझ्याकडे नोंदणी कर, त्यांची निवृत्ती कधी आहे ते आधी बघ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. दुसरं, त्यांच्याकडे जागा आहे का, प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे. तिसरं आणि खरं महत्त्वाचं, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठ, सरांसमोर नाही. विचार की उणे ८० चा फ्रीझर चालू आहे का, रिएजंट मागवले की किती दिवसांत येतात, आणि मागचा विद्यार्थी किती वर्षांत सुटला. मॉलिक्युलर बायोलॉजी ही पैसे खाणारी शाखा आहे, एन्झाइम संपलं आणि प्रोजेक्टही संपला असेल तर हुशारी काय कामाची.

पैशांसाठी तुझ्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा, तिथे पीएचडीची नोंदणी झालेली लागते. आणि कोणी पाच हजारांत पेपर छापून देतो म्हणालं तर हात जोड. नव्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे असं राहिलेलं नाही, आणि तसली जर्नलं सीव्हीवर दिसली की जाणकार माणूस उरलेलं सीव्ही वाचत नाही.


रंकाळ्याची_पोर:

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री आईला पण वाचून दाखवलं, तिला फक्त सातला घरी येतो तो प्रतिसाद आवडला 😅

मावशी, तुमचं वाचून वही काढून बघितली. ग्लुकोजच्या प्लेटचे फोटो आहेत. पीएच मोजलाच नव्हता. तर आमच्या लॅबमध्येच आठवडाभर बसायची परवानगी मिळवलीय. बफर घातलेल्या मीडियमवर परत करते आणि शेवटी पीएच मोजते. दुसरं, ग्लुकोज न घालता वाढवलेल्या कल्चरचं सुपरनेटंट (वरचं द्रव) घेऊन त्यात वरून ग्लुकोज मिसळते, म्हणजे एन्झाइमचं काम अडतंय का ते कळेल. डीएनएस या रसायनाने साखर मोजायची होती पण मिसळलेला ग्लुकोजच त्यात मोजला जाईल ना? मग काय करू?

ठरवलंय असं: जेजीबिल्स आणि नेट दोन्ही देणार, युरोपात दोन-तीन ठिकाणी, अमेरिकेत फी माफ करतील तिथेच. आणि दरम्यान प्रोजेक्टवर जागा शोधतेय. त्यासाठी एका लॅबला मेल लिहिलाय, इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते, बघा जमलाय का:

"आदरणीय सर, मी एक अत्यंत मेहनती आणि ध्येयवेडी विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित संस्थेतील जागतिक दर्जाच्या संशोधनाने प्रभावित झाले आहे. मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी त्या संधीचं सोनं करेन. सोबत बायोडेटा जोडला आहे."


बॉस्टनची_मावशी:

डीएनएसचं बरोबर पकडलंस, नाही चालणार. सुपरनेटंट सीएमसी अगारमध्ये छोट्या विहिरी पाडून त्यांत घाल, एकीत ग्लुकोज मिसळून आणि एकीत नुसतं, आणि काँगो रेडनेच झोन बघ. साधं आहे आणि सामान तुझ्याकडे आहेच.

मेल मात्र फाड. हा मेल नाव बदलून देशातल्या कुठल्याही लॅबला जाऊ शकतो, आणि तो तसाच सगळीकडे जातो हे त्या सरांना माहीत आहे. असा लिही:

"डॉ. अमुक, तुमच्या लॅबचा बॅसिलसमधल्या कार्बन रेग्युलेशनवरचा पेपर वाचला. एमएस्सीच्या कामात मातीतल्या एका बॅसिलसमध्ये ग्लुकोज असताना सेल्युलेजचा झोन येत नाही असं मला दिसलं. पीएच आणि एन्झाइम अडण्याची शक्यता तपासली, निकाल सोबतच्या एका पानावर आहेत. तुमच्याकडे प्रोजेक्टची जागा असेल तर मला काम करायला आवडेल. पीसीआर, क्लोनिंगच्या प्राथमिक पायऱ्या आणि एन्झाइमच्या चाचण्या स्वतः केल्यात. नेट आहे, जेआरएफ नाही."

ती एन्झाइम तपासल्याची ओळ अर्थात प्रयोग झाल्यावरच. आणि क्लोनिंग खरंच केलं असशील तरच ठेव, नसेल तर काढ.


नळस्टॉपवरचा_नारू:

आणि ताई, बायोडेटा पीडीएफमध्ये जोड, फाइलला तुझं नाव दे. आमच्या मॅडमच्या इनबॉक्सात "सीव्ही फायनल न्यू २" नावाच्या इतक्या फाइली आहेत की उघडल्याशिवाय कोण कोणाची ते कळत नाही, आणि त्या उघडत नाहीत. आठवड्याने उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर, त्याच मेलला रिप्लाय करून, नवीन मेल नको.